स्टॅक रिपोर्टवर (चिमणीतल्या धुराच्या मोजणीच्या अहवालावर) सही करायच्या आधी तुम्ही नेमकं काय बघता? नुकतंच प्रमोशन झालंय, मदत हवी

चिमणीखालची

नमस्कार. सरकारी नोकरीत आहे, हवा प्रदूषण नियंत्रणाचं काम. ऑफिस आणि जिल्हा सांगत नाही, समजून घ्या. आठ वर्षं फील्डला काढली. कारखान्यात जायचं, टीमला चिमणीवर चढवायचं, खाली उभं राहून सगळं बघायचं, व्हिजिट रिपोर्ट लिहून वर पाठवायचा, तिथे माझं काम संपायचं. जूनपासून प्रमोशन झालंय आणि हाताखाली पाच फील्ड ऑफिसर आलेत. तीन तालुके, चार साखर कारखाने, फाउंड्रीवाली एक एमआयडीसी, स्टोन क्रशर, आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, आणि वीटभट्ट्या वेगळ्याच. दिवसाला वीस पंचवीस फायली टेबलावर येतात, संमतीपत्राचं (कारखाना चालवायच्या परवानगीचं) नूतनीकरण, कारणे दाखवा नोटिसा, तक्रारींवरचे अहवाल, आणि प्रत्येकाखाली आता माझी सही लागते, जागेवर गेलेलं असतं दुसरंच कोणी.

मागच्या आठवड्यात एका साखर कारखान्याची फाइल आली. गेल्या गाळप हंगामातले चिमणीचे सात रिपोर्ट, सगळे कारखान्याने लावलेल्या खाजगी लॅबचे. धुळीचे आकडे (एका घनमीटर वायूत किती मिलिग्रॅम) असे: ११८, १२४, ११६, १२१, १२७, ११९, १२२. मर्यादा १५०. म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित. आणि त्याच फाइलमध्ये मागच्या बाजूला ग्रामपंचायतीचा ठराव आणि अकरा तक्रार अर्ज टाचलेले, अंगणात काजळी पडते, वाळत घातलेले कपडे काळे होतात, जनावरं काजळी पडलेला चारा खात नाहीत. आमच्या माणसाने दोनदा भेट दिली, दोन्ही वेळा शेरा "भेटीच्या वेळी चिमणीतून धूर आढळला नाही". तो खोटं लिहिणाऱ्यातला नाही, मी त्याला ओळखते.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल ते मला कळत नाहीये. बॉयलर अग्निप्रदीपन दसऱ्याच्या आसपास होईल, त्याआधी संमतीपत्राच्या फाइलवर मला मत लिहायचंय. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, नुसता कागद समोर असताना तो खरा की बसून लिहिलेला हे कसं ओळखता? आणि मी स्वतः काय बघायला जाऊ? सगळीकडे जाणं शक्य नाही, गाडी एकच आहे.

निवृत्त_अभियंता

ताई, अभिनंदन. मी याच कामात एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ तुमच्याच खुर्चीत. प्रश्न अगदी योग्य जागी विचारलाय, बरेच जण सही करायला लागल्यावर हा प्रश्न विचारायचंच सोडून देतात.

आधी ते सात आकडे. सगळे ११६ ते १२७ मध्ये. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणारा, बॉयलर असा वागत नाही हो. कधी बगॅस ओला येतो, कधी मिल बंद पडल्याने लोड निम्म्यावर येतो, कधी ईएसपीचं (विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्राचं) एखादं फील्ड, म्हणजे कप्पा, ट्रिप असतं. खरे रिपोर्ट ८५, १४०, ११०, १७०, ९५ असे वरखाली नाचतात. मर्यादेच्या थोडं खाली सगळे शिस्तीत उभे दिसले की मी फाइल बाजूला काढून ठेवायचो. गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात यावर मोठा प्रयोग झाला होता. तिथे ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा आणि पैसेही कारखान्यानेच द्यायचे, आणि त्यांचे धुळीचे आकडे १५० च्या जरा खाली दाटीवाटीने जमा व्हायचे, फेरतपासणीत प्रत्यक्षात कितीतरी जास्त निघायचे. मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमला, पैसे एका सामायिक निधीतून दिले, आणि काही रिपोर्टांची मागाहून परत मोजणी केली. त्या ऑडिटरांनी नापास आकडा पास दाखवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी उतरलं, आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. माणसं तीच, फक्त पैसे कोण देतो आणि मागून कोणी तपासतो का एवढंच बदललं. तुमच्या हातात पैशाची व्यवस्था नाही, पण मागून तपासणं शंभर टक्के तुमच्या हातात आहे.

आता कागद. शेवटचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी फील्ड शीट मागवा, टाइप केलेला रिपोर्ट नव्हे, चिमणीवर बसून पेनाने लिहिलेला कागद. त्यात थिंबलचं (धूळ अडवणाऱ्या गाळणीचं) आधीचं आणि नंतरचं वजन असतं, किती हवा ओढली ते असतं. समजा ०.८ नॉर्मल घनमीटर (ठरलेल्या तापमान-दाबावर आणलेले) ओढली आणि थिंबलचं वजन ४१ मिलिग्रॅमने वाढलं, तर उत्तर ५१ च्या आसपास यायला हवं. रिपोर्टात १२१ असेल तर तो आकडा कुठून आला? बसून लिहिलेल्या रिपोर्टात शेवटचा आकडा आधी ठरतो आणि बाकीचे रकाने नंतर भरले जातात, त्यामुळे ते एकमेकांशी जुळत नाहीत. चिमणीचा व्यास ३ मीटर आणि वायूचा वेग सेकंदाला १० मीटर असेल तर ताशी अडीच लाख घनमीटर होतात, तोंडी हिशोब आहे, रिपोर्टात फ्लो ऐंशी हजार लिहिला असेल तर वेग तरी खोटा किंवा फ्लो तरी.

मग तापमान. वेट स्क्रबर असेल तर वायू पाण्यातून धुऊन येतो, तो साठ सत्तर डिग्रीच्या आसपास असायला पाहिजे. स्क्रबर आहे म्हणतात आणि चिमणीचं तापमान १४५ लिहिलंय, मग एकतर पंप बंद होता किंवा दुसऱ्या चिमणीचा रिपोर्ट कॉपी केला. ओलाव्याचंही तेच, बगॅसमध्येच निम्मं पाणी असतं, त्याच्या धुरात वाफ वीस टक्क्यांच्या आसपास तरी निघतेच, आणि मी ओलावा ३ टक्के लिहिलेले रिपोर्ट पाहिलेत. तो रकाना कोणीतरी कोळशाच्या जुन्या रिपोर्टवरून उचललेला असतो.

तुमच्या एमआयडीसीत कोळशाचे बॉयलर असतील तर सीओटू चा (कार्बन डायऑक्साइडचा) रकाना अजिबात सोडू नका. तिथे धुळीचा आकडा १२ टक्के सीओटू वर आणून बघायचा असतो. मोजलेली धूळ १००, सीओटू ६ टक्के, म्हणजे खरा आकडा २००. डक्टला भोकं पडलेली असतात, बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि कागदावर कारखाना पास होतो. कित्येक रिपोर्टात हा रकाना रिकामाच असतो आणि वर "मर्यादेत" असा शिक्का.

शेवटचं आणि महत्त्वाचं. महिन्यातून दोनदा तरी स्वतः चिमणीवर चढा, जमेल तोपर्यंत चढा. कुठली चिमणी ते आदल्या रात्री ठरवा आणि ड्रायव्हरलाही सकाळीच सांगा. खाली उभं राहून जे कळत नाही ते प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटांत कळतं.

थिंबल_आणि_तराजू

मी केमिस्ट आहे, सॅम्पलिंग करणारी, त्यामुळे वरून काय दिसतं ते मी सांगते.

सरांनी प्लॅटफॉर्म म्हटलं ते बरोबरच आहे, पण चढल्यावर काय बघायचं ते माहीत हवं. पहिलं पोर्ट होल, म्हणजे सॅम्पल घ्यायला चिमणीला ठेवलेलं भोक. वळणापासून किंवा आयडी फॅनच्या (धूर चिमणीत ढकलणाऱ्या पंख्याच्या) जोडापासून वर चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतर आणि वरच्या तोंडापासून खाली दुप्पट अंतर सोडून पोर्ट असायला हवं, म्हणजे तिथे वायू सरळ वाहतो. आणि पोर्ट दोन पाहिजेत, एकमेकांशी काटकोनात, कारण चिमणीच्या आत धूळ सगळीकडे सारखी नसते, दोन्ही बाजूंनी ठरलेल्या बिंदूंवर नोझल (वायू ओढणाऱ्या नळीचं तोंड) धरत पुढे सरकायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं तर एका पोर्टचा नट गंजून बसलेला असतो, पान्याने निघत नाही, वर वारा असतो, किट जड असतं, आणि मग एकाच पोर्टमधून एकाच बिंदूवर नोझल धरून काम उरकलं जातं. मी स्वतः हे केलंय, सुरुवातीच्या वर्षांत, आणि आज मला त्याची लाज वाटते.

दुसरं आयसोकायनेटिक. चिमणीत वायू ज्या वेगाने जातोय त्याच वेगाने नोझलमध्ये ओढला गेला पाहिजे, ९० ते ११० टक्क्यांच्या आत. पंप जास्त जोरात ओढला तर हवा जास्त आत येते पण जड कण आपल्याच वेगात सरळ निघून जातात, त्यामुळे धूळ कमी दिसते. पंप हळू ओढला तर उलट, धूळ जास्त दिसते. म्हणजे ज्याला आकडा खाली आणायचाय त्याला काही खोटं लिहावंही लागत नाही, रोटामीटर (हवा किती ओढतोय ते दाखवणारा) जरा वर ठेवला की झालं. म्हणून रिपोर्टात हा टक्का छापलेला आहे का ते बघा, नसेल तर परत पाठवा.

तिसरं म्हणजे वेळ. किट वर चढवणं, लीक चेक, पिटॉट नळीने वेग, ओलावा, मग दोन्ही पोर्टमधून सॅम्पल, मग उतरवणं. नीट केलं तर तिघांची टीम दिवसाला दोन चिमण्या करते, फार तर. एकाच लॅबचे एकाच तारखेचे सहा चिमण्यांचे रिपोर्ट, तेही दोन तालुक्यांतले, असं दिसलं तर तारखेप्रमाणे लावून बघा, कारखान्याप्रमाणे नाही. फायली कारखान्याप्रमाणे असतात म्हणून ते कोणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या टेबलावर सगळे तालुके येतात, तुम्हाला ते दिसू शकतं, फील्ड ऑफिसरला दिसत नाही.

आणि ताई एक विनंती. तुमच्या टीमला हार्नेस, चांगले हातमोजे आणि ओआरएस द्या. शिडीला पिंजरा नसेल किंवा प्लॅटफॉर्मची पत्री कुजलेली असेल तर चढू नका असं सांगायचा अधिकार त्यांना आहे हे तुमच्या तोंडून सांगा, आणि तसं झालं तर कारखान्याला आधी शिडी दुरुस्त करायचं पत्र काढा. घाबरलेला माणूस वर दहा मिनिटं थांबतो आणि बाकीचं खाली बसून लिहितो, निम्मे वाईट रिपोर्ट असे तयार होतात, सगळं काही पैसे खाऊन होत नाही.

बॉयलर_हाऊस

मी पलीकडच्या बाजूचा, साखर कारखान्यात पर्यावरण विभाग बघतो, बारा हंगाम झाले. मला इथे येऊन कारखान्यांची बाजू घ्यायची नाहीये, पण तुमचा जो मूळ प्रश्न आहे ना, दोन्ही एकाच वेळी खरं कसं, त्याचं उत्तर कदाचित चिमणीत नाहीच.

गावात पडतं ते नेमकं काय पडतं हे कोणी बघितलंय का? बोटावर घेऊन बघा. काळे, हलके, चिमटीत धरले की चुरणारे पापुद्रे असतील तर तो न जळलेला कार्बन, तो बॉयलरचा. राखाडी बारीक पीठ असेल तर ती राख, आणि ती बरेचदा चिमणीतून नाही तर ईएसपीच्या हॉपरखालून (राख साठते त्या नसराळ्याखालून) येते, उघड्या ट्रॉलीत भरतात, पाणी मारत नाहीत, ट्रॉली गावातूनच जाते. आणि पिवळट तपकिरी बारीक तूस असेल तर तो बगॅस यार्डाचा भुसा, वारा सुटला की दोन किलोमीटर जातो. चिमणीचं सॅम्पल अगदी प्रामाणिकपणे घेतलं आणि ९० आलं तरी यार्ड आणि राखेचा त्या ९० शी काहीच संबंध नाही. तक्रार खरी, रिपोर्टही खरा, आणि उपाय तिसरीकडेच, यार्डाभोवती उंच जाळी, वरून पाण्याचे फवारे, राखेला बंद कन्व्हेयर आणि ओली करून झाकलेली ट्रॉली. आमच्याकडे हे केल्यावर तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

आता बॉयलरचं म्हणाल तर, ईएसपी सुरुवातीला चालूच करता येत नाही. बॉयलर थंड असताना जळण अर्धवट होतं, वायूत जळाऊ वायू असतात आणि ईएसपीत ठिणगी पडते, म्हणून तापमान चढेपर्यंत ती बंद ठेवतात. त्यामुळे मिल तीनदा बंद पडली तर तीनदा काळा धूर. शिवाय नळ्यांवरची काजळी झटकायला पाळीत एकदा सूट ब्लोइंग होतं, ते कधी करायचं हे शिफ्ट इंचार्ज ठरवतो, बऱ्याच ठिकाणी रात्री करतात. तुमचा ऑफिसर सकाळी अकराला येतो, तेव्हा खरोखरच धूर नसतो.

आणि हो, काही ठिकाणी रात्री वीज वाचवायला ईएसपीची फील्डं बंद करतात, हे मी नाकारणार नाही. ते पकडायचं असेल तर चिमणीकडे बघून काही कळणार नाही, टीआर सेटचं (ईएसपीला वीज देणाऱ्या संचाचं) लॉगबुक मागा, त्यात प्रत्येक फील्डचे केव्ही आणि एमए (व्होल्टेज आणि करंट) दर तासाला लिहिलेले असतात. रात्री दोन ते पाच एमए शून्य आणि त्याच वेळी स्टीम फ्लो पूर्ण असेल तर विषय संपला. लॉगबुक हाताने लिहिलेलं असेल तर डीसीएसचा (कंट्रोल रूमच्या संगणकाचा) ट्रेंड मागा, तो हाताने लिहिता येत नाही. फाउंड्रीला किंवा बॅग फिल्टरवाल्याला (धूर कापडी पिशव्यांतून गाळणाऱ्याला) दाब दाखवणारा मॅनोमीटर बघा, बॅगांवरचा प्रेशर ड्रॉप शून्य दिसत असेल तर नळी निघालीय किंवा आत बॅगाच नाहीत.

बेदाणा_शेड

माझी द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचं शेड आहे, कारखान्याचं नाव घेत नाही कारण आमचा ऊसही तिथंच जातो, गावात राहायचंय.

फेब्रुवारी मार्चला माल शेडमध्ये जाळीवर पसरलेला असतो, पंधरा वीस दिवस तो तिथं उघड्यावर वाळतो, वर पत्रा असतो पण बाजू मोकळ्या कारण वारा लागतो. त्यावर काळे पापुद्रे बसले की बेदाणा चिकट असतो, ते निघत नाहीत, धुवून काढला तर रंग जातो. व्यापारी सौद्यात हातात घेऊन बघतो आणि दर पाडतो. वर्षभराची मेहनत असते हो. साहेब येतात, सही घेतात, जातात. कारखान्याला आदल्या दिवशी कळलेलं असतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवशी चिमणी अशी स्वच्छ असते की बघत राहावं.

मी दोन वर्षं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पहाटे दोन ते पाचच्या मध्ये पडतं, थंडीत जास्त, आणि मिल बंद पडून परत सुरू झाली की त्या दिवशी नक्की. वर बॉयलरवाल्या दादांनी सांगितलं ते वाचून पहिल्यांदा कळलं की मिल बंद पडण्याचा आणि याचा संबंध काय. आमच्यावर पडतं ते काळं पापुद्र्यासारखंच, भुसा नाही. हे कॅलेंडर कुठे दाखवलं तर कोणी बघेल का?

निवृत्त_अभियंता

बेदाणा शेड दादा, बघेल, आणि बघायलाच पाहिजे. तारीख आणि वेळ असलेली नोंद म्हणजे आमच्यासाठी सोनं आहे. "काजळी पडते" या अर्जावर कोणी काही करू शकत नाही, "१४ फेब्रुवारी, पहाटे साडेतीन, वारा कारखान्याकडून" यावर त्या रात्रीचं टीआर लॉगबुक मागवता येतं. थंडीत जास्त पडतं त्याचं कारण रात्री जमिनीलगत गार हवा बसते आणि धूर वर न जाता खालीच पसरतो, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आणि हेही माहीत असू द्या, १९८१ च्या हवा कायद्यात कलम ४३ आहे, त्याप्रमाणे साध्या नागरिकालाही साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करता येते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडचे संबंधित रिपोर्ट मागता येतात. पुण्यात हरित लवादाचं खंडपीठही आहे. पण आधी ताईंसारख्या अधिकाऱ्याकडे कागद द्या, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

ताई, कॉमन चूक सांगतो जी मी स्वतः भोगलीय. एका कारखान्याचं सॅम्पल ३४० आलं होतं, मर्यादेच्या दुप्पट. केस उभी केली आणि पडली, कारण कलम २६ ची पद्धत पाळली नव्हती. सॅम्पल कोर्टात पुरावा म्हणून चालायचं असेल तर तिथल्या तिथे मालकाला किंवा त्याच्या माणसाला लेखी नोटीस द्यायची, त्याच्यासमोर सॅम्पल घ्यायचं, डबा सील करून त्यावर दोघांच्या सह्या, आणि उशीर न करता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. त्याने त्याच वेळी राज्य वायु प्रयोगशाळेत पाठवा म्हटलं तर तिकडे पाठवायचं. मालक मुद्दाम गायब झाला तरी सॅम्पल घेता येतं, मग सील करून आपण एकट्याने सही करायची आणि सरकारी विश्लेषकाला तसं लेखी कळवायचं. आमच्या माणसाने नोटीस दुसऱ्या दिवशी दिली होती. एका दिवसाचा फरक, आणि त्या गावाने पुढची चार वर्षं धूर खाल्ला. फॉर्म मी तपासून सही केली होती, तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यामुळे तुमच्या पाच जणांना बसवून हे एकदा कोरं फॉर्म भरायला लावून शिकवा, सर्क्युलर काढून होत नाही.

कारवाई करायची वेळ आली तर थेट बंदचा आदेश हा पहिला उपाय समजू नका. कलम ३१ए खाली बंदच नाही तर वीज पाणी तोडण्यापर्यंत अधिकार आहेत, पण हंगामात कारखाना बंद म्हणजे शेतकऱ्याचा ऊस फडात उभा, तोडणी कामगार बसून. बँक गॅरंटी घ्या, काम कुठल्या तारखेला कुठपर्यंत झालं पाहिजे ते लिहा, आणि त्या तारखेला जागेवर जा. त्या तारखेला गेला नाहीत तर पुढची कुठलीच तारीख कोणी पाळत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने मंडळांना नुकसानीची भरपाई लावण्याचा अधिकारही मान्य केलाय, तोही हाताशी ठेवा.

थिंबल_आणि_तराजू

एक राहिलं, ऑनलाइन मॉनिटर. साखर हा जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा कॅटेगरीतला उद्योग आहे, त्यामुळे चिमणीवर सेन्सर असतो आणि डेटा थेट सर्व्हरला जातो. सगळ्यांना वाटतं आता फसवणं शक्य नाही. पण डेटा कोणी उघडून बघत नाही. तुम्ही रात्री बारा ते सहाचा ग्राफ काढा. आकडा तासन्‌तास एकच असेल, किंवा मिल बंद असतानाही ७० दाखवत असेल, तर सेन्सर काम करत नाहीये किंवा त्याला तसं सेट केलंय. वेट स्क्रबरनंतर प्रकाशावर चालणारा सेन्सर बसवला असेल तर तो पाण्याचे थेंबच मोजतो, त्याचा काही उपयोग नाही. आणि हाताने घेतलेल्या सॅम्पलच्या त्याच तासाचा सेन्सरचा आकडा शेजारी ठेवून बघा, दोन्हीत मोठा फरक असेल तर कॅलिब्रेशनचा कागद मागवा.

चिमणीखालची

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला बारा दिवस लागले कारण आधी जाऊन बघायचं होतं.

फील्ड शीट मागवल्या. सातपैकी दोनच मिळाल्या, लॅब म्हणते बाकीच्या "उपलब्ध नाहीत". दोन्हीत ओलावा ४ टक्के लिहिलाय. तारखेप्रमाणे लावायचं थिंबल ताईंनी सांगितलं होतं, ते फील्ड ऑफिसरांना घेऊन एका दुपारी केलं, सगळ्या तालुक्यांचे रिपोर्ट जमिनीवर पसरून. या लॅबने जानेवारीत एका दिवशी पाच चिमण्या केल्यात, दोन कारखान्यांमध्ये सत्तर किलोमीटरचं अंतर आहे. माझ्यातला जो पोरगा सगळ्यात नवीन आहे त्यानेच ते शोधलं.

मग चढले. बंद हंगाम आहे, बॉयलर थंड, त्यामुळे घाई नव्हती. आधी खालून शिडी तपासली, मग हार्नेस लावून गेलो, मी आणि एक केमिस्ट. प्लॅटफॉर्मवर दोन पोर्ट आहेत, काटकोनात, अंतरही बरोबर. पहिल्याचा नट स्वच्छ, पान्याच्या खुणा आहेत. दुसऱ्या पोर्टच्या फ्लँजवर, नटांवर आणि त्यांच्या मधल्या फटीत लाल रंगाचा अखंड थर होता. चिमणी मागच्या पावसाळ्याआधी रंगवली होती, कारखान्याच्याच रजिस्टरला तारीख आहे. म्हणजे त्यानंतर ते पोर्ट एकदाही उघडलेलं नाही, आणि सातही रिपोर्टात दोन्ही पोर्टमधून सॅम्पल घेतल्याचे आकडे आहेत. फोटो काढले, पंचनामा केला, कारखान्याच्या माणसाची सही घेतली. त्यालाही माहीत नव्हतं असं वाटलं, तो बराच वेळ त्या नटाकडे बघत उभा होता.

फाइलवर लिहिलंय की हे सात रिपोर्ट ग्राह्य धरता येत नाहीत, संमतीपत्राची अट म्हणून हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आमच्या टीमकडून दोन सॅम्पल, त्यातलं एक रात्रपाळीत, टीआर सेटचा डीसीएस ट्रेंड दर आठवड्याला ऑफिसला, मिल बंद पडून सुरू झाली की त्याची वेळ कळवायची, सूट ब्लोइंग दिवसा, आणि यार्डाला जाळी. लॅबच्या मान्यतेबद्दल वेगळा अहवाल वर पाठवलाय. वरून काय उत्तर येईल ते येईल, माझी सही या मतावर आहे.

बेदाणा शेड दादा, तुम्ही माझ्या भागातले आहात की नाही मला माहीत नाही आणि इथे सांगूही नका. पण एक करा, अग्निप्रदीपनाच्या दिवसापासून शेडच्या वर एक स्टीलचं ताट ठेवा, रोज रात्री दहाला पुसून ठेवायचं आणि सकाळी सहाला फोटो काढायचा, वारा कुठून होता ते खाली लिहायचं. जो कोणी तुमच्या तालुक्याचा अधिकारी असेल त्याला महिन्याचे तीस फोटो एकत्र द्या.

बेदाणा_शेड

ठेवतो ताई. दोन ठेवतो, एक शेडवर आणि एक बागेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कुठून येतंय तेही कळेल.